निऑन टेट्रा आणण्याआधीचे सहा आठवडे आणि नंतरची काळजी

घरात पहिल्यांदा फिश टँक आणणाऱ्याला दुकानात हमखास भुरळ घालतो तो निऑन टेट्रा. जेमतेम तीन-साडेतीन सेंटीमीटर लांबीचा, डोळ्यापासून पाठीकडे जाणारी निळसर झगझगीत रेघ आणि शरीराच्या मागच्या अर्ध्या भागात लाल पट्टा असलेला हा मासा दहा-बाराच्या थव्याने घरी येतो आणि आठवड्याभरात एकेक करून कमी होऊ लागतो. मग ‘हे मासे नाजूकच असतात’ असे म्हणून आणखी दहा आणले जातात. माझे पहिले बारा निऑन पाच दिवसांत गेले तेव्हा मीही हेच म्हटले होते. मासा नाजूक आहे हे खरे, परंतु त्या बारांना मारले ते मी सकाळी भरलेल्या आणि संध्याकाळी मासे सोडलेल्या पाण्याने. म्हणून या लेखात कामे ज्या क्रमाने करायची त्याच क्रमाने सांगितली आहेत, आणि मासे विकत घेण्याची पायरी बरीच खाली आली आहे.

आधी मासा निवडा, पण आणू नका

निऑन टेट्रा मूळचा दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन खोऱ्याच्या वरच्या भागातला. जंगलाच्या सावलीतून वाहणाऱ्या, कुजलेल्या पानांमुळे चहासारख्या रंगाच्या किंवा नितळ अशा ओढ्यांतील मऊ म्हणजे क्षार कमी असलेले, किंचित आम्लधर्मी पाणी हे त्याचे घर. १९३६ साली शास्त्राला त्याची ओळख झाली. त्याचा जवळचा भाऊबंद म्हणजे कार्डिनल टेट्रा. हा रिओ नेग्रो आणि ओरिनोको या नद्यांच्या परिसरातला असून त्याचे शास्त्रीय वर्णन १९५६ साली झाले. दोघांत फरक ओळखणे सोपे आहे : निऑनचा लाल पट्टा पोटाच्या मध्यापासून शेपटीपर्यंत असतो, तर कार्डिनलचा डोक्यापासून शेपटीपर्यंत सलग असतो.

नवख्या माणसाला हा फरक केवळ रंगाचा वाटतो, पण आपल्याकडे तो हवामानाचा आहे. निऑनला २२ ते २६ अंश सेल्सिअसचे पाणी मानवते आणि कार्डिनल २४ ते २९ अंशांत आरामात राहतो. मुंबई, ठाणे, रत्नागिरी किंवा गोव्यात टाकीतले पाणी उन्हाळ्यात सहज २९-३० अंशांवर जाते. अशा ठिकाणी राहणाऱ्यांनी थोडे जास्त पैसे मोजून कार्डिनलच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. नाशिक, पुणे, महाबळेश्वर अशा तुलनेने थंड गावांत निऑनचे बरे चालते. पुढे जिथे ‘निऑन’ म्हटले आहे तिथे तापमान सोडून बाकी सगळे कार्डिनललाही लागू आहे.

टाकी आणि तिची जागा

दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच ही सुरुवातीची टाकी. तिच्यात काठोकाठ सुमारे ५६ लिटर पाणी मावते. वाळू आणि वरची मोकळी जागा धरता प्रत्यक्षात ४५ लिटरच्या आसपास राहते. गोल काचेच्या भांड्याचा विचारही करू नये, कारण पाणी जितके कमी तितके ते लवकर तापते, लवकर थंड होते आणि लवकर बिघडते. भरलेल्या टाकीचे वजन साठ-सत्तर किलोच्या घरात जाते, त्यामुळे ती भक्कम, सपाट स्टँडवरच ठेवावी आणि तिच्या तळाखाली थर्माकोलचा एक पत्रा घालावा, म्हणजे स्टँडच्या बारीक उंचसखलपणामुळे काचेला ताण येत नाही.

खिडकीतले थेट ऊन टाळावे. एक गोष्ट मात्र दुकानदार सहसा सांगत नाहीत. एअर पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो, आणि डासांच्या अगरबत्त्या, लिक्विड मशिन, झुरळांचे फवारे यांत बहुधा पायरेथ्रॉइड गटातली द्रव्ये असतात. माणसाला ती फारशी बाधत नाहीत, पण माशांना अत्यल्प प्रमाणातही जहाल ठरतात. ज्या खोलीत रोज रात्री मशिन लागते त्या खोलीत टाकी ठेवू नये. घरात पेस्ट कंट्रोल करायचे असेल त्या दिवशी टाकी ओल्या चादरीने नीट झाकावी आणि एअर पंप दुसऱ्या खोलीत ठेवून लांब नळीने जोडावा.

फिल्टर म्हणून एअर पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर उत्तम. त्याचा प्रवाह मंद असतो, लहान मासे त्यात ओढले जात नाहीत आणि किंमतही कमी पडते. एअर पंप टाकीच्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर टांगावा. तो खाली ठेवला तर वीज जाताच नळीतून पाणी उलटे उतरून पंपात आणि तिथून जमिनीवर येते.

आपल्या घरातले पाणी ओळखा

महाराष्ट्रातील एकाच शहरात तीन प्रकारचे पाणी मिळते. धरण-तलावातून येणारे नळाचे पाणी सहसा मऊ असते, पण त्यात क्लोरीन असतो. बोअरवेलच्या पाण्यात क्लोरीन नसतो, पण ते बहुधा जड, म्हणजे क्षार जास्त असलेले असते. टँकरचे पाणी दर खेपेला वेगळे निघू शकते आणि निऑनसाठी तेच सर्वांत वाईट, कारण या माशाला थोडे जड पाणी एक वेळ चालते, पण दर आठवड्याला बदलणारे पाणी चालत नाही.

शे-दोनशे रुपयांत मिळणारा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार दाखवणारा) आणि पीएच (पाणी किती आम्लधर्मी, याचा आकडा; ७ च्या खाली आम्लधर्मी), अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट मोजणारे थेंबांचे टेस्ट किट या दोन वस्तू माशांच्या आधी विकत घ्याव्यात. पीएच ६ ते ७.२ आणि टीडीएस २०० च्या आत असेल तर पाण्याला हात लावू नये. टीडीएस चारशे-सहाशे असेल तर घरातल्या आरओ यंत्राचे पाणी मिसळावे. उदाहरणार्थ, बोअरचे पाणी ६०० आणि आरओचे ४० असेल, तर एक बादली बोअर आणि तीन बादल्या आरओ असे मिश्रण १८० वर येते. निव्वळ आरओचे पाणी भरू नये. त्यात क्षार जवळजवळ नसल्याने पीएचला धरून ठेवणारे काहीच उरत नाही आणि तो एखाद्या रात्रीत कोसळतो. आणखी एक चूक मी स्वतः पाहिली आहे : ‘आरओचे पाणी’ म्हणून यंत्राच्या बाजूच्या नळीतून बाहेर टाकले जाणारे पाणी वापरणे. सगळे क्षार त्याच पाण्यात साठलेले असतात.

क्लोरीन घालवण्यासाठी पाणी बादलीत भरून त्यात एअर स्टोन (एअर पंपाच्या नळीला लावायचा, बारीक बुडबुडे सोडणारा दगड) लावून चोवीस तास ठेवावे, किंवा दुकानात मिळणारे अँटिक्लोरीनचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात घालावेत. हे थेंब म्हणजे बहुतेक वेळा सोडियम थायोसल्फेट, म्हणजे जुन्या फोटोग्राफरांचा ‘हायपो’. पावसाळ्यात गढूळ पाण्यामुळे क्लोरीनची मात्रा वाढवली जाते, तेव्हा नळ सोडताच वास आला तर थेंबांवर भागवू नये. थेंब घालूनही पाणी एक दिवस थांबवावे.

पाण्याला निऑनच्या मूळ ओढ्याचा थोडा गुण आणायचा असेल तर त्याचे साधन आपल्याकडे फुकट आहे. कोकणात आणि मुंबईच्या गल्ल्यांत जे पसरट फांद्यांचे देशी बदामाचे झाड असते, त्याची आपोआप गळून तपकिरी वाळलेली पाने स्वच्छ धुऊन वीस-पंचवीस लिटरला एक या हिशेबाने टाकावीत. पाणी हलक्या चहासारखे दिसू लागते, पानांतले टॅनिन उतरते आणि मासे कमी बिथरतात. पाने रहदारीच्या रस्त्यावरची किंवा फवारणी केलेल्या बागेतली घेऊ नयेत, हिरवी तर मुळीच घेऊ नयेत.

विरजण लावणे : चार ते सहा आठवडे

ही पायरी गाळली तर आधीची सगळी मेहनत वाया जाते, म्हणून तिच्यावर जरा थांबू या.

मासा श्वासावाटे आणि विष्ठेतून अमोनिया सोडतो. उरलेले अन्न कुजूनही अमोनियाच तयार होतो. नैसर्गिक ओढ्यात तो वाहून जातो, टाकीत साठतो. काही जिवाणू या अमोनियाचे नायट्राइट करतात आणि दुसरे काही त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. अमोनिया माशाचे कल्ले जाळतो. नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनला निकामी करतो, त्यामुळे भरपूर प्राणवायू असलेल्या पाण्यातही मासा पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतो. नायट्रेट त्या मानाने सौम्य असून पाणी बदलून कमी करता येते. नव्या टाकीत हे जिवाणू जवळपास नसतातच. ते स्पंजवर, वाळूवर, काचेवर हळूहळू वस्ती करतात आणि वस्ती पुरेशी होईपर्यंत टाकीत मासे नसलेले बरे.

पद्धत अशी. टाकी भरून, क्लोरीन घालवून फिल्टर चालू करावा आणि तो पुन्हा बंद करू नये. रोज चिमूटभर माशांचे खाद्य पाण्यात टाकावे, म्हणजे ते कुजून जिवाणूंना अमोनिया मिळतो. ज्यांना अचूक काम आवडते त्यांनी अमोनियम क्लोराइड वापरून अमोनिया सुमारे २ पीपीएमवर, म्हणजे लिटरमागे २ मिलिग्रॅमवर आणावा. दर दोन-तीन दिवसांनी टेस्ट किटने मोजून वहीत लिहीत जावे. आधी अमोनिया चढतो, आठवड्या-दीड आठवड्याने नायट्राइट दिसू लागतो, मग अमोनिया उतरतो, त्यानंतर नायट्राइटही उतरतो आणि नायट्रेट वाढतो. अमोनिया २ पीपीएमपर्यंत घातल्यावर चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दाखवू लागले की टाकी तयार झाली. यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. पाणी २६-२८ अंशांवर असेल तर थोडे लवकर होते.

ज्यांच्या ओळखीत कुणाकडे जुनी, निरोगी टाकी आहे त्यांनी तिच्यातला वापरलेला स्पंज ओलाच आणून आपल्या फिल्टरशेजारी ठेवावा. दुधाला जसे चमचाभर विरजण लागते तसेच हे आहे, आणि ते मिळाले तर सहा आठवड्यांचे दोनही होऊ शकतात. बाटलीत मिळणारे जिवाणू कधी लागू पडतात, कधी नाही. ते घातले तरी मोजल्याशिवाय मासे आणू नयेत.

अमोनियाबद्दल आणखी एक बाब जड पाणी असणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. पाण्यातल्या एकूण अमोनियापैकी विषारी भाग किती, हे पीएचवर अवलंबून असते. २५ अंश तापमानात पीएच ७ असताना तो भाग अर्ध्या-पाऊण टक्क्याच्या आसपास असतो, तर पीएच ८ ला पाच टक्क्यांच्या वर जातो. किटवर तोच आकडा दिसत असला तरी बोअरच्या पाण्यात धोका जवळपास दसपट असतो.

मासे आणण्याचा दिवस

मुंबईत कुर्ल्याचा बाजार किंवा क्रॉफर्ड मार्केट, इतर शहरांत आपल्या भागातले दुकान. कुठूनही घ्या, पण दुकानात माल उतरल्याच्या दिवशी घेऊ नका. निऑन बहुतेक वेळा आग्नेय आशियातल्या शेतांवर वाढवलेले असतात आणि लांबच्या प्रवासाने थकलेले असतात. आठवडाभर दुकानाच्या टाकीत तगलेले मासे निवडावेत. टाकीसमोर पाच मिनिटे नुसते उभे राहावे. तळाशी मेलेला मासा पडला असेल, कुणाचे पोट आत गेलेले असेल, कुणी थव्यापासून दूर कोपऱ्यात तरंगत असेल, लाल पट्ट्याच्या मध्येच फिकट डाग असेल, तर त्या टाकीतला एकही मासा घेऊ नये, मग बाकीचे कितीही टवटवीत दिसोत.

हा मासा एकटादुकटा राहू शकत नाही. किमान आठ, शक्यतो दहा-बारा घ्यावेत. त्यांच्याबरोबर एंजल फिश ठेवू नये, कारण तो मोठा झाला की निऑन त्याच्या तोंडात मावतात. तळाशी फिरणारे लहान कोरिडोरस हे चांगले शेजारी.

जमल्यास नवे मासे दोन ते चार आठवडे वेगळ्या, साध्या टाकीत ठेवावेत. पहिलीच खेप असेल तर मुख्य टाकीच ती विलगीकरणाची टाकी, त्यामुळे प्रश्न दुसऱ्या खेपेपासून येतो.

पिशवीतून टाकीत मासे सोडताना दोन वेगळ्या रीती आहेत, आणि त्यांची अदलाबदल महागात पडते. दुकानातून तासाभरात घरी आलात तर पिशवी वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवून तापमान जुळू द्यावे. मग मासे पिशवीतल्या पाण्यासह बादलीत घेऊन एअरच्या बारीक नळीला सैल गाठ मारून टाकीचे पाणी थेंबथेंब त्यात सोडावे. पाऊण तासात बादलीतले पाणी तिप्पट झाले की मासे जाळीने उचलून टाकीत सोडावेत. बादलीतले पाणी फेकून द्यावे. परंतु मासे कुरियरने, दीड-दोन दिवसांच्या प्रवासाने आले असतील तर थेंबांची ही रीत वापरू नये. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरलेला असतो आणि त्यामुळे साठलेला अमोनिया निरुपद्रवी रूपात असतो. पिशवी उघडताच वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. अशा वेळी पिशवी बंदच ठेवून तापमान जुळवावे, उघडल्याबरोबर मासे जाळीत घेऊन थेट टाकीत सोडावेत. यासाठी विक्रेत्याला त्याच्या पाण्याचा टीडीएस आधीच विचारून आपले पाणी त्याच्या जवळपास आणून ठेवावे.

पहिल्या दिवशी दिवा लावू नये आणि खायला देऊ नये.

रोजचे आणि आठवड्याचे काम

दुसऱ्या दिवशी सकाळी दिवा लावलात आणि मासे पांढुरके, रंग उडालेले दिसले तर घाबरू नका. निऑन अंधारात आपली निळी रेघ मालवतात. उजेडात काही मिनिटे थांबून पाहिले की आधी डोळ्यांमागे, मग पाठीच्या कडेने निळा रंग परत चढताना दिसतो. मला विचाराल तर ही टाकी ठेवण्याचे निम्मे सुख या काही मिनिटांत आहे. दुपारीही रंग फिका राहिला तर मात्र पाणी तपासावे.

तोंड बारीक असल्याने फ्लेक (पातळ पापुद्र्यांचे खाद्य) बोटांत चुरडून, दोन मिनिटांत संपेल एवढेच, दिवसातून एकदा-दोनदा द्यावे. आठवड्यातून एक दिवस उपास घडवावा. दुकानात मिळणारे ट्युबिफेक्सचे जिवंत किडे बऱ्याचदा घाण पाण्यातून काढलेले असतात. ते टाळून सुकवलेले किंवा गोठवलेले खाद्य वापरावे.

दर आठवड्याला २० ते २५ टक्के पाणी बदलावे. नवे पाणी त्याच तापमानाचे आणि त्याच टीडीएसचे असावे, आणि ते हळूहळू ओतावे. इथे आपल्या घरांतली स्वच्छतेची चांगली सवय आडवी येते. महिन्यातून एकदा टाकी रिकामी करून, वाळू धुऊन, काच घासूनपुसून लख्ख केली की आपल्याला समाधान वाटते, आणि त्याच वेळी सहा आठवड्यांत जमवलेली जिवाणूंची वस्ती मोरीतून वाहून जाते. मी एकदा स्पंज नळाखाली धरून पांढराशुभ्र होईपर्यंत पिळला होता; तिसऱ्या दिवशी अमोनिया १ पीपीएम निघाला आणि पुढचा आठवडा रोज पाणी बदलण्यात गेला. स्पंज धुवायचा तो टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीत, दोन-तीनदा दाबून, आणि थोडा मळकटच परत लावायचा.

आजार दिसला तर

औषधाची बाटली उघडण्याआधी टेस्ट किट उघडावे. अमोनिया किंवा नायट्राइट दिसला तर उपाय पाणी बदलणे हाच आहे.

अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके म्हणजे इक हा परजीवी. तो माशाच्या त्वचेखाली असताना औषध त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. तो वाढून, गळून पडून पाण्यात नवी पिल्ले सोडतो तेव्हाच ती औषधाने मरतात. म्हणून ठिपके गेले की औषध थांबवणे ही चूक आहे. शेवटचा ठिपका गेल्यावरही काही दिवस उपचार चालू ठेवावेत. मॅलाकाइट ग्रीन असलेली औषधे टेट्रांना निम्म्या मात्रेत द्यावीत, हातमोजे घालावेत आणि एअर पंपाचा जोर वाढवावा.

लाल पट्ट्यात पांढरट डाग, थवा सोडून भटकणे आणि पुढे पाठीला येणारा बाक ही ‘निऑन रोगा’ची लक्षणे. हा स्नायूंत राहणाऱ्या सूक्ष्म परजीवीमुळे होतो आणि त्यावर औषध नाही. मेलेल्या माशाला इतरांनी कुरतडले की रोग पसरतो, म्हणून असा मासा लगेच वेगळा काढावा. मात्र तोंडाभोवती कापसासारखा पांढरा थर असेल तर तो बहुधा जिवाणूंचा आजार असतो आणि त्याला वेळेवर दिलेले प्रतिजैविक लागू पडू शकते. नवखे लोक दोन्हींना एकच समजतात.

उन्हाळा, वीज आणि सुट्टी

मे महिन्यात पाण्यावर तिरपा वारा येईल असा छोटा पंखा लावला तर बाष्पीभवनाने तापमान दोन-तीन अंश उतरते. कोरड्या हवेत हे अधिक चालते, कोकणच्या दमट हवेत कमी. बर्फ थेट पाण्यात टाकू नये. वीज वारंवार जात असेल तर बॅटरीवर चालणारा एअर पंप घेऊन ठेवावा.

गणपतीला किंवा दिवाळीत चार-पाच दिवस गावी जायचे असेल तर माशांना काहीही न देता जावे. मोठे, निरोगी निऑन एवढा उपास सहज काढतात. विरघळणाऱ्या खाद्याच्या पांढऱ्या वड्या टाकू नयेत, त्या पाणी बिघडवतात. आठवड्याहून अधिक दिवस जायचे असेल तर शेजाऱ्यांना सांगावे, पण खाद्याचा डबा कपाटात कुलूपबंद करून. आमच्या शेजारच्या काकूंनी ‘बिचारे आशेने काचेला येतात’ म्हणून तीन दिवसांत अर्धा डबा रिकामा केला होता. तेव्हापासून मी दर दोन दिवसांची एक, अशा कागदाच्या पुड्या बांधतो, प्रत्येकीवर तारीख घालतो आणि तेवढ्याच त्यांच्या हातात देतो.